मागच्या दाराने चाललेला सिनेमा

माझ्या मुलीने वर्ध्याहून येताना एक सीडी आणली. बसस्टँडजवळ एक जण चादर अंथरून जुन्या सिनेमांच्या सीड्या विकतो, त्याच्या ढिगात तिला ती सापडली. वरचे चित्र उन्हाने फिके पडले होते. पण पिठाची गिरणी, गिरणीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई आणि समोर कैची घेऊन उभा असलेला शिंपी, सारे ओळखू येत होते.

"आई, हा तोच ना? हा चालला होता का गं?"

मी "हो" म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. चारचौघांतच काय, पोटच्या मुलीसमोरही मला लांबलचक सांगता येत नाही. मध्येच शब्द सुकतात. पण त्या "हो"मध्ये बरेच राहून गेले. तिच्या कॉलेजच्या वह्यांची कोरी पाने उरली आहेत आणि दुपारी घरात कोणी नसते, म्हणून लिहिते.

माझे माहेर पवनारचे. चौथी झाली आणि शाळा सुटली, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नव्हते. पुढे लग्न होऊन आष्टीला आले. आमचे हे तिथल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. भिंतीतल्या चौकोनी भोकातून खाली उजेड सोडायचा, रीळ संपत आले की दुसऱ्या मशीनवर दुसरे चढवून ठेवायचे, हे त्यांचे काम. पहिला खेळ तीनला असे. त्याआधी ते घरी जेवायला येत आणि जेवता जेवता पिक्चर सांगत. मला टॉकीजमध्ये जायला मिळे वर्षातून एक-दोनदा, पण सांगितलेले पिक्चर मी शेकड्याने पाहिले. ते कधी नायकाचा आवाज काढत नसत की हातवारे करत नसत. भाकरी मोडत मोडत असे सांगत, जणू शेजारच्या गल्लीत काल घडलेली गोष्ट आहे. इंटरव्हलपर्यंतचे जेवताना आणि पुढचे हात धुतल्यावर दारात उभे राहून. सासूबाई तेव्हा आतल्या खोलीत आडव्या झालेल्या असत, त्या मध्येच ओरडत, "अबे, त्या पोरीच्या बापाचं काय झालं ते राह्यलं ना!" त्यांचेही कान तिकडेच असत.

पिक्चरच्या पेट्या अमरावतीहून येत. पत्र्याच्या, गोल रिळांच्या. हे सकाळच्या गाडीने तळेगावला जात, तिथून अमरावती, आणि एसटीच्या टपावर पेट्या चढवून परत. आणायचे काम यांचे, निवडायचे मालकांचे. मालकांना मारामारी आवडे. पडद्यावर काच फुटली नाही तर पिक्चरचे पैसे वाया गेले असे त्यांचे मत.

एका वर्षी मालकांच्या घरी लग्न निघाले. ते पत्रिका वाटण्यात गुंतले होते. यांना म्हणाले, "या खेपेले तूच पाहून आण."

हे अमरावतीला दोन दिवस राहून आले. तिथे त्यांनी दुपारच्या खेळाला एक मराठी सिनेमा पाहिला. त्यात ओळखीचा एकही चेहरा नव्हता. पेटी देणारा माणूसच सांगत होता, की याच्या मोजक्याच प्रिंटा निघाल्यात, मोठ्या शहरांत थोडे दिवस लागला आणि उतरला, तुम्ही कशाला नेता? पण हे म्हणाले, मी थिएटरात एकटा हसून राह्यलो होतो आणि मला एकटे असल्याची आठवणच राहिली नाही. तोच घेऊन आले.

मी शनिवारी तीनच्या खेळाला गेले. मुलगी मांडीवर होती. बायकांच्या बाजूला मी आणि डोअरकीपरची म्हातारी आई, दोघीच. पुरुषांकडे दहा-वीस टाळकी असतील. आत येऊन कोणी विचारले, "फाइट कधी हाय?" आणि दुसऱ्याने सांगितले, "नाईच हाय म्हणतात."

सिनेमा असा होता. बाप अंथरुणाला खिळला म्हणून एक मुलगी बापाची पिठाची गिरणी चालवते. समोर एक शिंपी दुकान थाटतो. गिरणीचे पीठ उडून त्याच्या शिवलेल्या काळ्या कोटांवर बसते आणि भांडण जुंपते. गिरणी चालू असली की काही ऐकू येत नाही, म्हणून ती दोघे कायम ओरडूनच बोलतात. भाव विचारायचा तरी ओरडून, माफी मागायची तरी ओरडून. हळूहळू त्या ओरडण्यातला राग निघून जातो, पण ओरडणे तसेच राहते. शेवटी एके दिवशी तो धीर करून गिरणीत येतो आणि नेहमीसारखा गळा ताणून म्हणतो, "मला तू आवडतेस!" नेमकी त्याच क्षणी वीज जाते, पट्टा थांबतो, आणि ते वाक्य साऱ्या गल्लीला ऐकू जाते. दळणाच्या रांगेतल्या बायका डबे हातात धरून बघतच राहतात. तो घामाघूम. मग ती मुलगी हसते आणि सांडलेल्या पिठावर बोटाने काहीतरी लिहिते.

काय लिहिते ते मी पाहिले नाही. तो "आवडतेस" म्हणाला तेव्हाच मी पदर डोळ्यांवर ओढला होता. सवयच तशी. पडद्यावर असे काही आले की बायकांनी पदर घ्यायचा, खाली बघायचे, मांडीवरच्या लेकराचे टोपडे सारखे करायचे. मी पदराआड इतकी हसले की मुलगी जागी झाली. पदर काढला तेव्हा गिरणी पुन्हा चालू झाली होती आणि पीठ उडत होते.

शुक्रवारी लागलेला पिक्चर सोमवारी रात्री उतरला. मंगळवारी मारामारीचा लागला. मालक चौकात पानठेल्यावर, चार माणसांत, यांना म्हणाले, "तू मशीन चालव बापू. डोकं मी चालवतो."

यांनी मला हे सांगितले नाही, सासूबाईंना बाजारात कळले. पण त्या दिवसापासून यांनी पिक्चर सांगणे बंद केले. मी वाढायची, ते जेवायचे. मी एकदा विचारले, "आता कोणता लागला?" ते म्हणाले, "हाय एक." झाले. अमरावतीला जात, चिठ्ठीवर मालकांनी लिहिलेली पेटी आणत. टॉकीज चालते की नाही याच्याशी मला काही घेणे नव्हते. मला जेवतानाचे ते सांगणे परत हवे होते. ते कसे आणायचे हे मात्र कळत नव्हते.

पुढे टॉकीजची गर्दी ओसरू लागली तसा यांनी घराच्या समोरच्या खोलीत कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली. सकाळी दुकान, दुपारी टॉकीज. नागपूरहून जुन्या कॅसेटींचा एक गठ्ठा आणला होता, त्यात तोच गिरणीचा सिनेमा निघाला. त्यांनी तो मधल्या फळीवर, समोर दिसेल असा ठेवला.

दुकानात येत ते पुरुष. उंबरठ्यावर टेकून उभे राहत, बिडी ओढत, आणि मागत तेच, काच फुटणारे. यांच्या वहीत त्या सिनेमापुढे एकही रेघ पडली नाही. यांना वाटले, तो दुसऱ्यांदाही पडला.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती माझ्यामुळे लपली होती.

शेजारी मास्तरीणबाई राहत. त्यांच्या भावाने त्यांना व्हीसीआर दिला होता. एके दुपारी, हे टॉकीजला गेल्यावर, त्या आमच्या मागच्या दाराने आल्या. "वहिनी, काही हसायसारखं हाय का वं? मास्तर रोज कुस्तीच लावतात." मी जाऊन ती कॅसेट खोक्यातून काढून पदराखाली आणून दिली. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, डोळे सुजलेले. मी घाबरले. "अवं हसून हसून," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातावर आंबाडीची जुडी ठेवली. 

मग त्यांच्याकडे पाहणाऱ्या बायका मागू लागल्या. सिनेमाच्या नावात प्रेम हा शब्द होता, त्यामुळे नाव कोणीच घेत नसे. "ती गिरणीवाली देजो," म्हणत. दुपारच्या वेळी मागच्या दाराने यायचे, पदराखाली न्यायचे, दुसऱ्या दुपारी आणून द्यायचे. कोणी संत्री आणे, कोणी तुरीच्या शेंगा. भाडे मी मागितले नाही, मला मागताच आले नसते. कॅसेट तेवढी जाई, तिचे चित्राचे खोके फळीवर तसेच राही, म्हणून यांना कळत नसे. यांनी एकदा म्हटले, "इतर कॅसेटींवर धूळ बसते, हिच्यावर नाई." मी म्हणाले, पुसते मी. खोटे नव्हते तसे.

यांना सांगावे असे रोज वाटे. पण न विचारता दिलेली पहिली दुपार सांगायची राहिली, मग दुसरी सांगायची कशी? असे करत वर्ष गेले.

कॅसेट परत आली की ती मागे गुंडाळून ठेवायचे काम माझे. छोट्या खिडकीतून दोन चाकांवरची फीत दिसते. कुठली चकती जाड, कुठली बारीक, यावरून पाहणाऱ्याने कुठे थांबवली ते कळते. मारामारीच्या कॅसेटी शेवटाला पोचून येत, नाहीतर पाव भागातच सोडलेल्या. ही कॅसेट मात्र कुठल्याही घरून येवो, एकाच जागी थांबलेली असे. शेवट पाहून झाला की बायका फीत मागे नेऊन वीज जाते तिथपासून पुन्हा पाहत, पुन्हा मागे नेत, आणि दळण-पाण्याची वेळ झाली की तिथेच बंद करून पाठवत. घर बदलले तरी जागा तीच. मी ती जाडी बोटाने मोजून पाही आणि मला एकटीलाच फार बरे वाटे. चार दिवसांत उतरलेला सिनेमा इतक्या घरांत त्याच एका क्षणाला थांबत होता, आणि तो निवडणारा माणूस समोरच्या खोलीत मान खाली घालून बसला होता.

त्या जुन्या कॅसेटीत पिठावरचे लिहिणे आधीपासूनच धूसर होते, ते कोणालाच धड वाचता आले नव्हते. आता घासून घासून ती जागाच गेली. "आवडतेस" ऐकू येई आणि त्यानंतर पडद्यावर नुसत्या मुंग्या. पिठावर बोट टेकलेले दिसे, पुढे पांढऱ्या रेघा. त्यामुळे तिने काय लिहिले यावर बायकांचे वाद सुरू झाले.

एका सकाळी मी समोरच्या खोलीत झाडू मारायला गेले, तर टेबलावर पाच कॅसेटी वेगळ्या काढलेल्या. कॅसेटच्या मागे एक खाच असते. ती चिकटपट्टीने बंद केली की जुने पुसून तिच्यावर नवे भरता येते. चार कॅसेटींना पट्ट्या लावून झाल्या होत्या. पाचवी यांच्या हातात होती, आणि ती तीच होती.

"लग्नाचं शूटिंग करणारा आज संध्याकाळी येऊन राह्यला," हे म्हणाले. "त्याले कोऱ्या कॅसेटी कमी पडल्या. या तशाच पडून हायेत."

ते पट्टी अंगठ्याने नीट दाबत होते.

"ही नका देऊ."

"काऊन?"

वर्षभराच्या दुपारी, आंबाडी, संत्री, सारे एकदम तोंडाशी आले आणि अडकले. मी एवढेच म्हणू शकले, "आज बाजाराचा दिवस हाय. जेवल्यावर अर्धा घंटा मधल्या खोलीत बसा. बाहेर नका येऊ."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू विचारत होते, आत कोणी आजारी आहे का. पण बसले.

बाजाराच्या दिवशी मागच्या अंगणात बायका टेकत. मास्तरीणबाई तर रोजच्या. त्या दिवशी गावोगाव फिरणारी बांगड्यावालीही आली. तिच्यामुळे गिरणीवालीची कीर्ती आसपासच्या खेड्यांत गेली होती. एकीकडे हातात बांगड्या चढवायची, दुसरीकडे गोष्ट सांगायची, आणि दुखते आहे हे समोरच्या बाईच्या लक्षातच यायचे नाही. सासूबाई भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या. मी कॅसेट मांडीवर घेऊन बसले. चिकटपट्टी हाताला लागत होती.

"आण वं, आज माह्या बहिणीच्या गावाले नेतो," बांगड्यावाली म्हणाली. "तिथं एक पाटलीणबाई हाय, तिनं नुसतं ऐकलं हाय. मले म्हणे, कॅसेट आणल्याबिगर बांगड्या नाई भरत."

"अन् तिले सांगजो, तिनं 'हो' लिहिलं म्हणून," मास्तरीणबाई म्हणाल्या. "नाईतर ती रात्रभर विचार करन."

"'हो' कशाले लिहीन? 'हो' तर मानेनं बी सांगता येते. तिनं 'पागल' लिहिलं. मी असती तर तेच लिहिलं असतं."

"तुह्या नवऱ्याले तू तेच म्हणतं, म्हणून तुले तसं दिसते."

"तुमी दोघी बी पागल," सासूबाई म्हणाल्या. "तिनं रांगोळी काढली. बाईमाणसाच्या पुढं पांढरं पीठ आलं की बोट आपोआप रांगोळी काढते. मी पाह्यलं ना तिचं बोट कसं वळलं ते."

"मामी, तुमी त कालपर्यंत म्हणत होत्या, का पाहता वं त्या गिरणीवालीले सारख्या सारख्या!"

"म्हणत होती. पाहत बी होती. दोन्ही करता येते."

मधल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. मोठा, मोकळा. दोन वर्षांत मी तो ऐकला नव्हता. बांगड्यावालीने पदर सावरला. हे दारात येऊन उभे राहिले, आणि माझी मान जी खाली गेली ती वर येईना.

"किती दिवसांपासून चालू हाय हे?" त्यांनी विचारले.

मी काही बोलेन अशी कोणी वाटच पाहिली नाही. मास्तरीणबाईच म्हणाल्या, "भाऊजी, रागवायचं असन त मले रागवा. तुमच्या दुकानात सारे माणसं उभे. आमी तिथं येऊन काय म्हणावं? त्या प्रेमाची कॅसेट द्या? मास्तर त शाळाच सोडून देतीन."

"अन् पिठावर काय लिहिलं ते कोणालेच नाई दिसलं?"

"दिसन कुठून? तिथं त मुंग्याच मुंग्या."

त्यांनी माझ्या मांडीवरची कॅसेट घेतली. आत जाऊन लावली. दाराच्या फटीतून मला दिसत होते. तो "आवडतेस" ओरडला, वीज गेली, आणि पांढऱ्या रेघा आल्या. त्यांनी फीत मागे नेली, पुन्हा पाहिले. मग कॅसेट बाहेर काढून तिच्या छोट्या खिडकीवर अंगठा फिरवला.

"टॉकीजचं रीळ मशीन घासते," ते हळूच म्हणाले. "हिले बायकाइनं घासलं."

मग नखाने चिकटपट्टी सोलून काढली. लग्नवाल्याला संध्याकाळी चारच कॅसेटी मिळाल्या. पाचवी बांगड्यावालीबरोबर पाटलीणबाईकडे गेली.

मी विचारले, "तुमी त इतक्या खेळांत पाह्यलं. तिनं काय लिहिलं?"

"सांगत नाई. तू तवा पदर घेतलता ना? मी वरून पाह्यलं." आणि ते हसले. "आता डोळे उघडे ठेवजो."

दुसऱ्या दिवशी ते मालकांकडे गेले. संक्रांत जवळ आली होती. हळदी-कुंकवाच्या दिवसांत एक दुपार फक्त बायकांसाठी खेळ लावू या, आणि तो सिनेमा लावू या, असे त्यांनी सांगितले. मालक म्हणाले, "तो पडेल पिक्चर? आणखी एकदा पाडतं का त्याले?" तेवढ्यात आतून मालकीणबाई म्हणाल्या, "लावा ना. आपल्या घरी तो दोनदा येऊन गेला." मालकांनी विचारले, कधी? त्या म्हणाल्या, तुम्ही टॉकीजमध्ये असता तेव्हा. हे सांगताना यांना पुन्हा हसू आवरेना. मी मात्र मान खाली घातली, कारण मालकीणबाईंची मोलकरीण दोनदा येऊन गेली होती हे मला ठाऊक होते.

प्रिंट अमरावतीच्या गोदामात तशीच पडून होती. पेटीला गंज चढलेला. हे दोन सकाळी मशीनच्या खोलीत बसून तुटलेले तुकडे जोडत होते. जोडताना फीत उजेडासमोर धरत, ओठ हलवत, जणू वाचत आहेत. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांना मी आल्याचे कळलेही नाही. कामात बुडालेला माणूस इतका सुंदर दिसतो हे मला तेव्हा समजले.

त्या दुपारी टॉकीजच्या दारात मालकीणबाईंनी स्वतः हळदी-कुंकू लावले, तिळगूळ दिला. डोअरकीपरला बाहेर बसवले. त्याची आई मात्र पहिल्या रांगेत. बायका आल्या त्या येतच राहिल्या. खेड्यांतून बैलगाडीने आल्या, खुर्च्या संपल्यावर सतरंज्या आल्या. पाटलीणबाई आल्या, हातात कोपरापर्यंत नव्या बांगड्या. मालक बाहेर येरझाऱ्या घालत होते आणि मधून मधून पडदा बाजूला करून एक डोळा आत घालत होते. "पुरुषाइले मनाई हाय!" कोणीतरी ओरडले आणि डोळा गेला.

सिनेमा सुरू झाला आणि मला कळले, की या बायकांना तो पाठ आहे. पडद्यावरची बोलायच्या आधी थिएटर बोलत होते. शिंपी कोट झटकत आला की पाचशे तोंडांतून, निदान मला वाटले तितक्या, "माझा धंदा बुडवला तुम्ही!" असे निघे. मग पडद्यावरचा तेच म्हणे आणि सगळ्या हसत, की बिचारा मागे पडला. 

मग तो गिरणीत आला. थिएटर एकदम शांत. त्याने गळा ताणला. वीज गेली. वाक्य गल्लीभर गेले. माझा हात सवयीने पदराकडे गेला आणि मी तो मांडीखाली दाबून धरला.

ती मुलगी हसली. पिठावर बोट ठेवले. इथे कॅसेटमध्ये मुंग्या येत. इथे आल्या नाहीत. मोठ्या पडद्यावर, पिठाचा कण न् कण दिसावा असे स्वच्छ, तिचे बोट वळत गेले. तिने लिहिले, "पुन्हा सांग. हळू."

ज्यांना वाचता येत होते त्या आधी गप्प झाल्या. मग चारी बाजूंनी कुजबुज उठली. "काय लिहिलं वं? काय लिहिलं?" वाचता येणाऱ्या न येणाऱ्यांच्या कानात सांगू लागल्या. मीही सांगितले. शेजारच्या अनोळखी बाईला, तिच्या पलीकडच्या बाईला, मागच्या रांगेत वळून आणखी दोघींना. माझी चौथीची शाळा त्या दिवशी कामी आली. पुन्हा सांग, हळू. पुन्हा सांग, हळू. ते वाक्य रांगेमागून रांगेत गेले आणि पडद्यावर वीज आली, पट्टा फिरला, पीठ उडून अक्षरे पुसली गेली.

"मंजे रांगोळी नोहे?" सासूबाई अंधारात मोठ्याने म्हणाल्या आणि हशा पिकला. 

मी मागे वळून वर पाहिले. चौकोनी भोकातून उजेड येत होता. त्याच्या शेजारच्या लहान भोकात यांचा चेहरा होता. ते पडद्याकडे पाहत नव्हते, खाली बायकांकडे पाहत होते.

खेळ सुटल्यावर मी मुलीला घेऊन जिन्याखाली थांबले होते आणि हे नुकतेच मशीनच्या खोलीतून खाली उतरले होते. मालक आले. बाहेर पडणाऱ्या बायकांकडे त्यांनी पाहिले, मग यांच्याकडे. मला वाटले, आता हे काहीतरी बोलतील, पानठेल्यावरचे ते वाक्य परत करतील. त्यांचा हक्कच होता. पण ते हाताला लागलेले तेल फडक्याने पुसत उभे राहिले. त्यांच्या या गुणाचे मला आजही नवल वाटते. मालकच शेवटी म्हणाले, "मंग पुढच्या शुक्रवारसाठी काय आणतं?"

"पाहून येतो," हे म्हणाले.

आता ती टॉकीज बंद आहे. ती कॅसेट कोणाच्या घरी राहिली ते आठवत नाही, आणि तिची ती जागा तर केव्हाच गेली होती. मुलीने आणलेली सीडी मी लावून पाहिली. सगळे स्वच्छ दिसते, हवे तिथे थांबवता येते. चालला होता का, असे तिने विचारले. पुढच्या दाराने चार दिवस आणि एक दुपार. मागच्या दाराने मोजता येणार नाही इतका.

पण तिला खरे सांगायचे ते त्याच्या पुढचे आहे. हे अमरावतीहून आले त्या दिवशीचे. मी ताट वाढले. त्यांनी भाकरी मोडली, एक घास घेतला, आणि म्हणाले, "एक माणूस असते. त्याची बस चुकते."

मी हातातले पातेले खाली ठेवले. आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यानं सांग बे, मले ऐकू येत नाई." ते सांगत राहिले. इंटरव्हल आला तेव्हा ताट रिकामे झाले होते. ते उठले, हात धुतले, चपला घातल्या, कारण तीनचा खेळ होता. 

"अन् पुढं?" मी विचारले. सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

ते दारात थांबले, चौकटीला टेकले आणि सांगू लागले. त्या दिवशी तीनचा खेळ थोडा उशिरा सुरू झाला.